अडवलेली मजुरी, उपरी माणूस आणि नाबोथाचा द्राक्षमळा

शास्त्रपाठ : अनुवाद २४:१४-१५, लेवीय १९:३३-३४ व २५:२३, १ राजे २१:१-२९, याकोब ५:१-६



मराठी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात अमेरिका हे नाव फार जुने आहे. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन बोर्डाचे मिशनरी मुंबईस उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला गेला. पुढे अहमदनगर, वडाळे, सोलापूर, सातारा येथे शाळा उभ्या राहिल्या, औषधोपचाराची सोय झाली, १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघाला. आज आपण इंदुरास राहत असू, बडोद्यास, हैदराबादेस वा दिल्लीस. पुष्कळांच्या घराण्याच्या कहाणीत हा धागा कोठेतरी सापडतोच. त्या ऋणाविषयी आपण देवाचे आभार मानतो आणि ते योग्यच आहे.

परंतु ज्या घराने आपल्याकडे सुवार्तिक पाठवले, त्या घरात त्याच काळी काय चालले होते, याचा शास्त्राच्या प्रकाशात अभ्यास आपण क्वचितच करतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत अमेरिका एका शेतकरी राष्ट्रातून जगातील पहिल्या प्रतीचे औद्योगिक राष्ट्र बनली, कोट्यवधी परदेशी तिच्या दाराशी आले, आणि शतक संपता संपता तिने समुद्रापलीकडील बेटांवर आपला झेंडा रोवला. या सर्व काळात तेथील मंदिरे भरलेली होती. प्रेषित पौल करिंथकरांस सांगतो की, जुन्या काळी जे घडले ते आपल्याला इशारा मिळावा म्हणून लिहून ठेवले गेले. त्याच भावनेने आपण तीन शास्त्रपाठ आणि तीन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहू. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ शोधणे हा हेतू नाही, हे आरंभीच सांगून ठेवतो.

पार्श्वभूमी

१८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, तेव्हा त्या देशात सुमारे ३५ हजार मैल लोहमार्ग होता. १९०० साली तो १ लाख ९० हजार मैलांवर गेला. १० मे १८६९ रोजी युटा प्रांतातील प्रॉमंटरी येथे पूर्वेकडून व पश्चिमेकडून आलेले रूळ एकमेकांस जोडले गेले आणि एक संपूर्ण खंड आगगाडीने ओलांडता येऊ लागला. लोहमार्गासाठी पोलाद हवे होते. बेसेमर पद्धतीमुळे ते स्वस्त झाले. सरोवरांच्या प्रदेशातील लोहखनिज आणि पेनसिल्व्हेनियातील कोळसा एकत्र आणून पिट्सबर्गच्या आसपास भट्ट्या रात्रंदिवस पेटत्या राहिल्या. १८७० साली देशाची लोकसंख्या पावणेचार कोटींच्या थोडी वर होती. १९०० साली ती साडेसात कोटींपुढे गेली. या तीस वर्षांत सुमारे सव्वा कोटी माणसे परदेशांतून तेथे राहावयास आली.

संपत्ती अपार वाढली, परंतु ती फार थोड्या हातांत गोळा झाली. स्कॉटलंडमधील एका गरीब विणकराचा मुलगा अँड्र्यू कार्नेगी पोलादाचा सम्राट झाला. १८८९ साली त्याने संपत्तीवर एक गाजलेला निबंध लिहिला. धनवानाने आपले धन लोककल्याणासाठी आपल्या हयातीतच वाटून टाकावे, असे त्याचे म्हणणे होते, आणि त्याने ग्रंथालयांसाठी खरोखरच मोठी दाने दिली. पण त्याच्या भट्ट्यांवरील माणसे दिवसाला बारा तास राबत होती, आणि १८९२ साली होमस्टेड येथील त्याच्या कारखान्यात मजुरीच्या वादातून रक्त सांडले.

आपल्या पंडिता रमाबाई याच काळात, १८८६ ते १८८८ मध्ये, अमेरिकेत होत्या. आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदानाला उपस्थित राहण्यासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि मग देशभर फिरल्या. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मराठी प्रवासग्रंथात तेथील स्त्रियांच्या संस्थांची मनापासून स्तुती आहे. परंतु वर्णभेदाच्या डागाकडेही त्यांनी डोळेझाक केली नाही. कृतज्ञता आणि सत्य ही एकाच लेखणीतून उतरू शकतात, हा त्यांचा धडा आपणही गिरवू या.

पहिला पाठ : मजुरी ओरडते

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील चौथे वचन भाषांतरकाराला थांबवून धरते. ग्रीक हस्तलिखितांत येथे दोन क्रियापदे आढळतात. एकाचा अर्थ ‘अडवून ठेवणे’, दुसऱ्याचा अर्थ ‘लुबाडणे’. मजुराच्या दृष्टीने पाहिले तर दोहोंत फारसा फरक उरत नाही. खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. याकोब म्हणतो की, ती अडवलेली मजुरीच ओरडते.

काही वर्षांपूर्वी भाषांतराचा एक कच्चा मसुदा आम्ही एका खेड्यातील मंडळीत वाचून दाखवत होतो. ऐकणाऱ्यांत ऊसतोडीला जाणारी एक प्रौढ बाई होती. हे वचन वाचल्यावर ती म्हणाली, “म्हंजी मुकादमानं उचल कापून घेतली, तसंच ना? पण दादा, मजुरी कशी वरडंल? वरडायला मजूर हाय की.” मी उत्तर शोधत असतानाच तिने ते स्वतःच दिले : “मजूर वरडला तर पुढल्या साली कोयत्याला काम न्हाई. म्हून त्याचा पैसाच वरडत असंल.” एवढ्या वर्षांच्या अभ्यासात या वचनाचे याहून चांगले विवरण मी वाचलेले नाही. मजुराचे तोंड बंद करता येते. त्याच्या घामाच्या पैशाचे करता येत नाही. तो पैसा ज्याच्या पेटीत असतो, त्या पेटीतून तो ओरडतो, आणि सेनाधीश प्रभूच्या कानी ते जाते.

आता शिकागोच्या दक्षिणेस वसवलेल्या पुलमन या गावाकडे पाहा. जॉर्ज पुलमन हा आगगाडीचे शयनडबे बांधणारा कारखानदार. १८८० पासून त्याने आपल्या कामगारांसाठी एक आदर्श गाव उभारले. विटांची नीटस घरे, बाग, ग्रंथालय, नाट्यगृह. दारूचे दुकान मात्र कामगारांसाठी नाही. घरे कंपनीची, रस्ते कंपनीचे. हिरवट दगडाचे एक सुरेख मंदिरही त्याने बांधले. सर्व पंथांच्या लोकांनी तेच एक मंदिर भाड्याने घ्यावे अशी त्याची कल्पना होती. परंतु मंदिरानेही भांडवलावर नफा दिला पाहिजे असा त्याचा हिशोब असल्यामुळे भाडे इतके भारी ठेवले की, ते सुंदर मंदिर कित्येक वर्षे रिकामे पडून राहिले. वाचकहो, उपासनेवाचून उभे असलेले ते मंदिर मला त्या साऱ्या युगाचे चित्र वाटते.

१८९३ साली मोठी आर्थिक मंदी आली. पुलमनने कामगारांची मजुरी सरासरीने चौथाईने कमी केली; घरभाडे मात्र एका पैशानेही उतरवले नाही. भागीदारांना शेकडा आठ टक्के लाभांश पूर्वीप्रमाणेच वाटला गेला. भाडे वजा जाता काही कामगारांच्या हाती पंधरवड्याच्या कष्टाचे अवघे काही सेंट उरू लागले. १८९४ च्या मे महिन्यात कामगारांचे प्रतिनिधी गाऱ्हाणे घेऊन गेले. त्यांतील तिघांना लागलीच कामावरून दूर करण्यात आले, आणि ११ मे रोजी संप सुरू झाला. युजीन डेब्ज यांच्या पुढारपणाखालील अमेरिकन रेल्वे युनियनने पुलमनचे डबे असलेल्या गाड्या चालवण्याचे नाकारले. देशाच्या मोठ्या भागात रेल्वे ठप्प झाली. न्यायालयाने मनाईहुकूम काढला, राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी जुलैच्या आरंभी लष्कर पाठवले, अनेक माणसे मारली गेली, डेब्ज यांना सहा महिन्यांची कैद झाली आणि संप मोडला. नंतर नेमलेल्या सरकारी आयोगास असे आढळले की, पुलमनमधील भाडी शिकागोतील तशाच घरांच्या भाड्यांपेक्षा शेकडा वीस ते पंचवीस टक्क्यांनी अधिक होती.

या प्रसंगी मंडळीने काय केले? अनेक मोठ्या शहरांतील धर्मोपदेशकांनी संपकऱ्यांचाच धिक्कार केला. परंतु पुलमन गावातच विल्यम कार्वर्डाइन नावाचे एक मेथडिस्ट पाळक होते. त्यांच्या मंडळीत कामगारांची कुटुंबे होती; कोणाच्या चुलीत विस्तव नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी व्यासपीठावरून कामगारांची बाजू उघडपणे मांडली आणि त्याच वर्षी संपावर पुस्तक लिहून घरभाडे, मजुरी आणि कपातीचे आकडे जगापुढे ठेवले. त्यांनी हिंसेची भलामण केली नाही. जे पाहिले ते सांगितले, एवढेच. पाळकाला आपल्या कळपाच्या चुलीची खबर असली म्हणजे याकोबाचे पत्र समजावयास मोठे भाष्यग्रंथ लागत नाहीत.

ते एकटे नव्हते. १८८७ साली कार्डिनल गिबन्स यांनी ‘नाइट्स ऑफ लेबर’ या कामगार संघटनेवर बंदी येऊ नये म्हणून रोमकडे रदबदली केली. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक काढून मजुराला जगण्यापुरती रास्त मजुरी मिळणे हा न्यायाचा प्रश्न आहे, असे सांगितले. न्यूयॉर्कच्या एका दरिद्री वस्तीत १८८६ पासून जर्मन बाप्तिस्ट मंडळीचे पाळक असलेले वॉल्टर राउशेनबुश यांना लहान मुलांच्या प्रेतविधींनी हलवून सोडले, आणि देवाच्या राज्याचा विचार ते नव्याने करू लागले.

दुसरा पाठ : वेशीच्या आतला उपरी

अनुवाद २४:१४-१५ मध्ये मोशे आज्ञा देतो की, गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी. आणि तो मजूर भाऊबंद असो की वेशीच्या आत राहणारा परका असो, नियम एकच. परक्यासाठी येथे ‘गेर’ हा इब्री शब्द आहे. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात त्यासाठी कोठे ‘परदेशीय’, कोठे ‘परका’, तर कोठे ‘उपरी’ असे शब्द योजलेले दिसतात. मला ‘उपरी’ हा शब्द विशेष प्रिय आहे. जुन्या गावगाड्यात कुणब्यांचे दोन वर्ग असत. एक मिरासदार, त्याचा जमिनीवर पिढीजात हक्क. दुसरा उपरी, तो गावात राही, जमीन कसे, सारा भरी, पण मिरासीचा हक्क त्याला नसे. ‘गेर’ म्हणजे नेमका हाच. घाम येथलाच, हक्क मात्र कोठलाच नाही, असा माणूस.

लेवीय १९:३४ मध्ये देव इस्राएलास सांगतो की, या उपऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी. आणि त्याचे कारणही देतो : तुम्हीही मिसर देशात उपरी होता. देव येथे स्मरणशक्तीला आवाहन करत आहे. जो आपले मिसर विसरला, तो दुसऱ्याचा फारो होतो.

अमेरिकेत हे कसे घडले ते पाहू. त्या खंडव्यापी लोहमार्गाचा पश्चिमेकडील अतिशय कठीण भाग सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटच्या डोंगरांतून जात होता. सेंट्रल पॅसिफिक कंपनीच्या त्या कामावर दहा हजारांहून अधिक चिनी मजूर राबले. बर्फाच्या कड्यांखाली आणि सुरुंगांच्या स्फोटांत त्यांतील कित्येक मेले. १८६७ च्या जूनमध्ये काही हजार चिनी मजुरांनी गोऱ्यांइतकी मजुरी व कामाचे कमी तास मागून शांतपणे काम बंद केले. कंपनीने त्यांच्याकडे जाणारा शिधाच थांबवला, आणि आठवड्याभरात उपाशी माणसे कामावर परतली.

मार्ग पुरा झाला आणि हीच माणसे नकोशी झाली. १८७७ साली कॅलिफोर्नियात चिन्यांना हाकलून द्या अशी चळवळ उभी राहिली. तिचा पुढारी डेनिस कर्नी हा स्वतः आयर्लंडमधून आलेला होता. दुष्काळातून व अपमानातून निसटून आलेल्या लोकांपैकीच एकाने दुसऱ्या परक्यासाठी दार लावावे, ही मिसर विसरण्याची गोष्ट नव्हे काय? १८८२ साली काँग्रेसने चिनी मजुरांना देशात येण्यास मनाई करणारा कायदा केला. आधी दहा वर्षांपुरता असलेला हा कायदा वाढत वाढत १९४३ पर्यंत टिकला. २ सप्टेंबर १८८५ रोजी वायोमिंगमधील रॉक स्प्रिंग्ज येथे गोऱ्या खाणकामगारांनी चिनी खाणकामगारांच्या वस्तीवर हल्ला केला. कमीत कमी २८ माणसे मारली गेली, घरे जाळली गेली, आणि कोणालाही शिक्षा झाली नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. दार बंद करणारे केवळ मालक नव्हते. चिन्यांना विरोध करण्यात कामगार संघटना पुढे होत्या. ज्या अमेरिकन रेल्वे युनियनने पुलमनच्या कामगारांसाठी एवढा त्याग केला, तिने आपल्या सभासदत्वातून काळ्या कामगारांना वगळले होते; आणि पुलमनच्या डब्यांतून प्रवाशांची सेवा करणारे हमाल तर बहुतेक काळेच होते. अन्याय सोसल्याने माणूस आपोआप न्यायी होत नाही. पाप हे एका वर्गाचे वतन नाही.

पूर्वेच्या किनाऱ्यावर चित्र निराळे होते, तरी सोपे नव्हते. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस बेटावरील तपासणी केंद्र उघडले. तेथे सर्वप्रथम नोंदली गेली ती ॲनी मूर नावाची आयरिश मुलगी. १९५४ साली ते बंद होईपर्यंत सुमारे सव्वा कोटी माणसे त्या दारातून गेली. पहिल्या व दुसऱ्या वर्गाच्या उतारूंची तपासणी सहसा जहाजावरच उरके. बेटावर नेले जाई ते तळाच्या वर्गातील गरिबांना. दारिद्र्याची चौकशी अधिक कसून होते, हा जगाचा नियम तेथेही होता.

तरीही साक्षीदार होते. सॅन फ्रान्सिस्कोत मेथडिस्ट मिशनरी ओटिस गिब्सन यांनी चिन्यांविरुद्धची चळवळ ऐन भरात असताना, १८७७ साली, त्यांची बाजू मांडणारे पुस्तक लिहिले. डोनाल्डिना कॅमेरॉन ही प्रेस्बिटेरियन मिशनची बाई १८९५ पासून त्याच शहरात चिनी मुलींना गुलामगिरीतून सोडवून आश्रय देत राहिली. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू आपण परका होतो असे म्हणतो, तेव्हा तो कोणत्या वर्णाचा परका होता हे सांगत नाही.

तिसरा पाठ : नाबोथाचा द्राक्षमळा

१ राजे २१ ही कथा आपण सर्व जाणतो. अहाब राजाला आपल्या वाड्यालगतचा द्राक्षमळा हवा होता. त्याने योग्य किंमत, किंबहुना अधिक चांगला मळा देऊ केला. इज्रेलकर नाबोथाने नकार दिला, कारण ती जमीन त्याच्या वाडवडिलांची ‘नहला’ होती. मराठीत या शब्दासाठी ‘वतन’ हा नेमका शब्द आपल्याला लाभला आहे. पुढे ईजबेलीने जे केले त्यातील एक तपशील सहज नजरेतून सुटतो. तिने आधी उपास जाहीर करविला. चोरीचा आरंभ धार्मिक विधीने झाला, आणि कायद्याला लागतात तितके, म्हणजे दोन साक्षीदारही उभे करण्यात आले. सर्व काही रीतसर पार पडले.

आता पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांकडे वळू. ज्या अमेरिकन बोर्डाने मुंबईस मिशनरी पाठवले, त्याच बोर्डाने १८१९ साली बोस्टनहून हवाईकडे मिशनरी धाडले. हायरम बिंगहॅम आणि एसा थर्स्टन हे १८२० साली तेथे पोहोचले. म्हणजे ती मंडळी आणि आपली मंडळी या एका आईच्या लेकी. त्या मिशनऱ्यांनी हवाई भाषेस लिपी दिली, शाळा काढल्या, आणि १८३९ पर्यंत संपूर्ण पवित्र शास्त्र त्या भाषेत आणले. एक भाषांतरकार म्हणून मी त्या कामापुढे नम्र होतो. थोड्याच वर्षांत त्या बेटांवरील बहुसंख्य लोक वाचू लागले.

परंतु पुढच्या पिढीत ओघ बदलला. १८५० साली परदेशीयांना तेथे जमीन विकत घेता येऊ लागली. मिशनचे दोन माजी कार्यकर्ते, कॅसल आणि कूक, यांनी १८५१ साली व्यापारी पेढी काढली. ती पुढे साखरेच्या धंद्यातील बलाढ्य पेढ्यांपैकी एक झाली. १८७५ च्या तहाने हवाईची साखर अमेरिकेत करमुक्त जाऊ लागली आणि उसाच्या मळ्यांनी बेटे व्यापली. १८८७ साली हत्यारबंद दडपणाखाली राजाकडून नवी राज्यघटना मान्य करवून घेतली गेली व मूळ रहिवाशांपैकी पुष्कळांचा मताधिकार गेला.

१८९१ साली राणी लिलिउओकलानी गादीवर आली. ती मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेली, होनोलुलूच्या कावाइअहाओ मंडळीत वाद्य वाजवून गायकवृंद चालवणारी ख्रिस्ती स्त्री होती. १८९३ च्या जानेवारीत तिने आपल्या प्रजेचे हक्क परत देणारी घटना आणू पाहिली. १६ जानेवारीस अमेरिकन युद्धनौकेवरून सैनिक उतरले. १७ जानेवारीस तिला पदच्युत करण्यात आले. या कटाचा एक सूत्रधार लॉरिन थर्स्टन. वर उल्लेखिलेल्या एसा थर्स्टन यांचा हा नातू. नव्या सरकारचा प्रमुख सॅनफर्ड डोल हाही मिशनरी आईबापांचा मुलगा. रक्तपात टळावा म्हणून राणीने निषेध नोंदवून सत्ता सोडली आणि अमेरिकन सरकारकडे न्याय मागितला. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी चौकशी करवून, झाले ते अन्यायाचे झाले असे काँग्रेसला कळवले. पुढल्याच वर्षी शिकागोत मजुरांवर लष्कर पाठवणारे ते हेच क्लीव्हलंड. एका दाराशी न्याय ओळखणारा माणूस दुसऱ्या दाराशी तो चुकू शकतो.

१८९५ साली राणीला तिच्याच राजवाड्यात कैदेत ठेवण्यात आले. १८९७ साली बेटे अमेरिकेस जोडू नयेत म्हणून २१ हजारांहून अधिक हवाई स्त्रीपुरुषांनी अर्जावर सह्या केल्या. ज्या लिपीचे दान मिशनऱ्यांनी दिले, त्याच लिपीत त्या सह्या होत्या. १८९८ साली राणीने आपली कहाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आणि तिच्या शेवटी अमेरिकेच्या ख्रिस्ती लोकांना नाबोथाच्या द्राक्षमळ्याची व अहाबाच्या शिक्षेची आठवण करून दिली. ज्यांनी तिला शास्त्र वाचावयास शिकवले, त्यांच्या मुलानातवांना ती तेच शास्त्र वाचून दाखवत होती. त्याच वर्षी जुलैमध्ये हवाई बेटे अमेरिकेत सामील करण्यात आली.

ते वर्षच तसे होते. स्पेनशी युद्ध होऊन डिसेंबर १८९८ च्या तहाने फिलिपाइन्स बेटे दोन कोटी डॉलर देऊन अमेरिकेने घेतली. तेथील लोकांना ख्रिस्ती करण्याची जबाबदारी देवाने आपल्यावर सोपवली आहे, असे बोलणारे पुष्कळ होते. तेथील बहुसंख्य लोक तीन शतके ख्रिस्ती होते, याचा त्यांना विसर पडला. फेब्रुवारी १८९९ मध्ये तेथे जे युद्ध पेटले त्यात हजारो सैनिक आणि लढाई, उपासमार व रोगराई यांनी सुमारे दोन लाखांपर्यंत नागरिक मेले. ईजबेलीचा उपास पुन्हा एकदा जाहीर झाला होता.

नाबोथाच्या कथेचा शेवट मात्र विसरू नये. एलीयाने अहाबास त्या मळ्यातच गाठले. अहाबाने गोणपाट नेसून उपास केला, आणि या वेळचा उपास खरा होता. म्हणून देवाने शिक्षा लांबवली. हवाईच्या प्रसंगानंतर बरोबर शंभर वर्षांनी, जानेवारी १९९३ मध्ये, अमेरिकन बोर्डाचा वारसा चालवणाऱ्या युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टने हवाईच्या मूळ लोकांची जाहीर क्षमा मागितली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकन काँग्रेसनेही ठराव करून क्षमायाचना केली. शंभर वर्षे हा फार मोठा उशीर आहे. तरी गोणपाट कधीच न नेसण्यापेक्षा उशिरा नेसलेले बरे. पण मळा नाबोथाच्या घराण्याला परत मिळाला असे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दानाचा प्रश्न

आपल्याशी थेट नाते असलेला आणखी एक प्रसंग सांगतो. १९०५ साली याच अमेरिकन बोर्डास तेलसम्राट जॉन रॉकफेलर यांनी एक लाख डॉलरची देणगी दिली. रॉकफेलर हे निष्ठावान बाप्तिस्ट होते, दशांश देत, शब्बाथशाळेत काम करत. परंतु त्यांच्या कंपनीने प्रतिस्पर्ध्यांना ज्या मार्गांनी बुडवले, त्यावरून देशभर टीका चालू होती. वॉशिंग्टन ग्लॅडन या ज्येष्ठ पाळकांनी हे डागाळलेले धन आहे, ते घेऊ नये, असे म्हटले. मोठा वाद झाला. शेवटी उघड झाले की, देणगी बोर्डानेच मागितली होती.

ग्लॅडन बरोबर होते काय? पैसा मंदिरात आला म्हणून शुद्ध होतो काय, की गरजूच्या उपयोगी पडला म्हणून त्याचे मूळ विचारू नये? मत्तय २७ मध्ये मुख्य याजकांनी यहूदाची नाणी भांडारात टाकणे योग्य मानले नाही. ती नाणी देताना मात्र त्यांचे हात थरथरले नव्हते. या प्रश्नाचे सोपे उत्तर मजजवळ नाही. पण एक गोष्ट निश्चित : दान हे अडवलेल्या मजुरीचे प्रायश्चित्त होऊ शकत नाही. ज्याची मजुरी आहे त्याला ती आधी मिळाली पाहिजे. जक्कय देखील निम्मे धन गरिबांस देऊन थांबला नाही. ज्यांना फसवले त्यांना चौपट परत देण्याचे त्याने वचन दिले.

आपण कोठे उभे आहोत?

हे तीनही पाठ लेवीय २५:२३ मध्ये एकत्र येतात. तेथे देव जमिनीविषयी बोलताना सांगतो की, जमीन कायमची विकावयाची नाही, कारण ती माझी आहे. आणि तुम्ही माझ्याजवळ ‘गेर’ आहात. म्हणजे वतनदार इस्राएलीही देवापुढे उपरीच! मिरासदार एकच, तो परमेश्वर. कारखाना पुलमनचा नव्हता, डोंगर कंपनीचा नव्हता, बेटे डोलची नव्हती. हे ज्याला उमगले तो मजुरी अडवणार नाही, उपऱ्याला हाकलणार नाही, शेजाऱ्याच्या मळ्यावर डोळा ठेवणार नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाला उपरेपण नवीन नाही. नोकरीनिमित्त आपण देशभर विखुरलो. परक्या भाषेच्या शहरात घर शोधताना आडनाव आणि धर्म विचारला गेला, हा अनुभव अनेकांचा आहे. आज त्याच शहरांत आपल्यापैकी काही घरमालक, काही अधिकारी, काही संस्थाचालक झाले आहेत. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईच्या खाड्याचे पैसे आपण कापतो काय? आपल्या मंडळीच्या शाळेतील शिपायाचा व शिक्षिकेचा पगार वेळेवर होतो काय? मंदिराचे बांधकाम करणाऱ्या परप्रांतीय मजुरांची नावे आपल्याला ठाऊक आहेत काय? पुलमनचे मंदिर भाड्यामुळे रिकामे राहिले. आपली मंदिरे भरलेली आहेत. पण भिंतींच्या आतून कोणाची मजुरी ओरडत नाही ना, हे ऐकण्यासाठी गीत संपल्यावर क्षणभर शांत बसावे लागेल.

देव आपणांस ऐकणारे कान देवो.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

१. याकोब ५:४ मध्ये मजूर आणि मजुरी दोघांच्या ओरडण्याचा उल्लेख आहे. आपल्या परिसरात कोणाचे तोंड बंद आहे?

२. आपल्या घराण्याचे ‘मिसर’ कोणते? ते मुलांना आपण सांगितले आहे काय?

३. पुलमनचे पाळक आणि हवाईतील मिशनऱ्यांची पुढची पिढी यांच्यात फरक कोठे पडला? संपत्ती, सत्ता व शेजार यांचा त्यात किती वाटा होता?

४. ज्या मिशनने आपणांस शास्त्र दिले तिच्या चुका सांगणे ही कृतघ्नता आहे काय? राणी लिलिउओकलानी हिने शास्त्राचा केलेला उपयोग ध्यानात घेऊन विचार करा.

५. मंडळीच्या निधीसाठी आलेली कोणती देणगी नाकारावी, आणि ते कोणी ठरवावे?